जांभळ्यांच्या वाट्याची वृंदाताई

वृंदाताई,

परवा तुला उचलताना माझ्यासमोर ऑफिसातला कुबोसान उभा होता. हे तुला आधी सांगून टाकते, कारण तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

इथे जपानात दहनगृहात अस्थी एकट्याने वेचत नाहीत. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात लांब काड्या, जेवायच्या असतात तशा. दोघांनी मिळून एकच हाड धरायचं, एकदमच उचलायचं आणि मडक्यात ठेवायचं. सुरुवात पायांपासून, डोकं शेवटी, म्हणजे मडक्यात माणूस उभा राहतो, उलटा होत नाही. काळ्या कोटातल्या एका बाईने हे हळू आवाजात समजावलं आणि विचारलं, "सर्वांत जवळचं कोण?" मी शाळेतल्यासारखा हात वर केला. आपल्या एजन्सीचे साहेब मागे सरकले. बिल्डिंगमधल्या देशपांडेवहिनी ओढणी तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिल्या. आणि कुबोसान हातबीत वर न करता शांतपणे पुढे आला आणि पलीकडच्या बाजूला उभा राहिला, जशी काही जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती.

ताई, तो चांगला उचलतो. मला हाड नीट धरता येईना. मी थांबले की तो थांबायचा, मी हलले की हलायचा. त्याने एकदाही घाई केली नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. तुला आठवतं, कावासाकीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तू तुझ्या काड्यांतून माझ्या काड्यांत थालीपिठाचा तुकडा दिला होतास आणि अख्खं टेबल गप्प झालं होतं? आपण दोघी हसत बसलो, की या लोकांना उष्ट्याचा एवढा बाऊ कशाला. का गप्प झाले ते कोणी सांगितलं नाही. परवा समजलं. काड्यांतून काड्यांत फक्त मेलेलं माणूस देतात.

आता तू आपल्या हिगाशी-कसाई भागातल्या खोलीत आहेस, भाताच्या कुकरशेजारच्या फळीवर, पांढऱ्या कापडात. शुक्रवारी मी तुला घेऊन साताऱ्याला निघतेय. तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "तिकडचं तिकडं आवर आणि तिला घेऊन ये." तुझे बाबा संगम माहुलीला गेले, तिथेच तूही जाशील. एवढं ठरलेलं होतं.

आणि काल कुबोसान कसाई स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात मला भेटायला आला. टेबलाला कपाळ टेकेल एवढा वाकला आणि म्हणाला, "त्यातलं थोडं मला द्याल का?"

थोडं. तुझ्यातलं.

इथे हे चालतं म्हणे. अस्थींचे दोन वाटे करून दोन ठिकाणी ठेवतात, कुणाला वावगं वाटत नाही. रविवारी तुझ्या जांभळ्यांची शेवटची मॅच आहे, त्यांच्या घरच्या मैदानावर. त्याने तिकीट काढलंय, सुटी टाकलीय, गुरुवारी निघतोय. त्या मैदानाची एक बाजू समुद्राकडे उघडी आहे. तो तुला शेजारी घेऊन मॅच बघणार आणि संपली की समुद्रात सोडणार. "वृंदासान आणि मी जाणार होतो," असं म्हणाला. जाणार होतो. मला हे पहिल्यांदा कळत होतं, तेही कॉफीच्या दुकानात, परक्या माणसाकडून.

मी म्हणाले, विचार करून सांगते. ते खोटं होतं. विचार झालेला होता, तो म्हणजे नाही. पण घरी आल्यापासून त्या "नाही"शी भांडायला कोणी नाही, आणि तू सोडून दुसऱ्या कुणाला माझ्याशी धड भांडता आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला तुझ्यावर लेख हवाय, तेव्हा हाच देईन. वहिनी म्हणाल्या, "मेधा, जरा नीट लिही हं, पत्रक काढू नकोस." तुझ्या पदव्या, तुझा जन्म, तुझी नोकरी वगैरे मी लिहिणार नाही. ते एजन्सीने छापलंय, चुकांसकट. पण वाचणाऱ्याला हे जांभळे कोण ते सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल हिचं डोकं फिरलंय.

तर मंडळी, असं झालं. कावासाकी शहरातली एक कंपनी लोकांच्या मोबाइलवर फुटबॉलचे स्कोअर पाठवते. पुण्याच्या एका एजन्सीने आम्हा दोघींना तिथे टेस्टर म्हणून धाडलं. गेल्या उन्हाळ्यात ग्रीसने अख्ख्या युरोपला हरवून कप नेला, तेव्हा कंपनीला वाटलं, आता जपानी लोक ग्रीसच्या लीगचे स्कोअर हौसेने बघतील. कोणी बघितले नाहीत. पण करार झालेला, डेटा येत राहिला, आणि तो तपासायला कुणीतरी हवं होतं. इंग्लंड, इटली, स्पेन ऑफिसच्या जुन्या लोकांनी आधीच वाटून घेतले होते. उरला ग्रीस. जे उरतं ते एजन्सीच्या माणसाला, हा तिथला अलिखित नियम. म्हणून ग्रीस वृंदाताईला.

मी तेव्हाच म्हणाले होते, तक्रार कर. तू म्हणालीस, "अगं, कशाची तक्रार? सोळा टीम आहेत, एकीचंही नाव मला वाचता येत नाही. मजा आहे."

सोमवारी सकाळी दोन ठिकाणांहून आलेला डेटा तू शेजारी शेजारी ठेवायचीस. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, कार्ड कुणाला. दोन्हीकडे सारखं असलं की हिरवी खूण. चित्र नाही, आवाज नाही. आणि तुझ्या शेजारच्या टेबलावर कुबोसान, पन्नाशीचा, बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा, आपल्यासारखाच कंत्राटावरचा. त्याचं काम नावं बसवण्याचं. फोनच्या पडद्यावर आठ अक्षरं मावायची आणि ग्रीक माणसाचं आडनाव आठ अक्षरांत मावेल तर शपथ. तुमची ओळखच भांडणातून झाली. तुझं म्हणणं, शेपटं सगळ्यांची सारखीच आहेत, ती कापा. त्याचं म्हणणं, शेपूट कापलं तर त्यांच्या घरचे त्यांना ओळखणार कसे. तू हे घरी येऊन मला सांगायचीस, पोळ्या लाटता लाटता, दोघांचे आवाज काढून. तेव्हा मीही हसायचे. मला काय माहीत, मी कशाला हसतेय.

मग ती मॅच झाली. एका बंदराच्या गावची टीम, त्याच वर्षी वरच्या वर्गात आलेली, जांभळे शर्ट घालणारी. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते तुम्हा दोघांचं होतं, तुमच्याकडेच राहू दे. तर त्या मॅचच्या एका डेटात शेवटच्या मिनिटाला जांभळ्यांचा गोल होता आणि दुसऱ्यात नव्हता. एकात बरोबरी, एकात हार. नियमाप्रमाणे तू शंकेची खूण मारून वर पाठवायला हवं होतंस. तू थेट ग्रीसला मेल लिहिलीस. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की गोल झाला होता, पण आमचा माणूस शेवटची बस चुकेल म्हणून आधीच निघाला होता.

तू दार उघडून आत आलीस ती चपला काढायच्या आधीच म्हणालीस, "मेधे, आज मी एक गोल वाचवला."

"गोल गोलकीपर वाचवतो. न होऊ देऊन."

"मी झालेला वाचवला. मी नसते तर तो झालाच नसता बघ."

त्या दिवसापासून तू त्यांची झालीस. आणि मी गाढव, बस गाठणाऱ्या माणसावर आठवडाभर विनोद करत राहिले.

त्याआधी रविवार माझा होता. हे मला स्पष्ट लिहायचंय. रविवारी आपण दोघी इंडियन दुकानात कढीपत्ता आणायला जायचो, येताना कोन्बिनीतल्या, त्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, मशीनवर एजन्सीविरुद्धच्या माझ्या पत्रकाच्या प्रती काढायचो, आणि तू घरी बसून लाल पेनाने पत्रक दुरुस्त करायचीस. "उद्गारचिन्हं काढ. लोक खिडक्या लावून घेतात." "हे 'रक्तपिपासू' कशाला? त्या साहेबांना साधी शुगर आहे." माझी जी काही चार पत्रकं लोकांनी वाचली असतील, ती तुझ्या लाल पेनामुळे वाचली. हे मी तुला कधी म्हणाले नव्हते. म्हणायचं राहिलं नव्हतं, मला म्हणायचंच नव्हतं. तुला वरचढ होऊ द्यायचं नव्हतं.

आणि मग ऑक्टोबरपासून रविवारी तू आराकावा नदीच्या काठावर. तिथल्या मैदानावर शाळेची पोरं खेळतात आणि कुबोसान तुला ऑफसाइड शिकवणार. मी विचारलं, "पुढच्या रविवारी?" तू म्हणालीस, "पुढच्या रविवारी कॉर्नर." वहिनींनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "काय गं, त्या जपानी माणसाचं आणि वृंदाचं काही आहे का?" ताई, मी किती आशेने तुझ्या चेहऱ्यावर ते शोधलं. प्रेम असतं तर मला समजलं असतं. प्रेमात पडलेल्या मैत्रिणीवर रुसता येतं, त्याला एक रीत आहे. पण तू प्रेमात नव्हतीस. तू सोळांपैकी पंधराव्या नंबरावर होतीस.

खालचे तीन संघ मोसमाच्या शेवटी दुसऱ्या वर्गात ढकलले जातात. वरचे श्रीमंत, अथेन्सचे आणि अथेन्सला लागून असलेल्या मोठ्या बंदराचे, आपापसात कप वाटून घेतात. मी म्हणाले होते, "बघ, तिथेही तेच. भांडवल वर, बाकीचे गाळात. यावर एक पत्रक होईल." तू म्हणालीस, "नको. त्यांना खेळू दे."

आपलं मोठं भांडण फेब्रुवारीतलं. एजन्सी आपल्या सगळ्यांचे पासपोर्ट "सुरक्षेसाठी" स्वतःच्या कपाटात ठेवते, हे या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी संयुक्त पत्र तयार केलं होतं. बिल्डिंगमधले लोक सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे, "वृंदाताईंनी केली का?" तू त्या दिवशी पोहे करत होतीस.

"सही कर."

"नाही करत."

"कारण?"

"पहिल्या ओळीत 'गुलामगिरी' लिहिलंयस. मी गुलाम नाही मेधे, मी टेस्टर आहे."

"पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असलेली टेस्टर."

"हो. तरी टेस्टर."

"मग तू लिही पहिली ओळ. तुला वेळ कुठाय म्हणा. तुझे ते जांभळे हरतायत तिकडे."

"हरतायत," तू म्हणालीस आणि गॅस बारीक केलास.

"आणि वर्गाबाहेर जाणार आहेत."

"बहुतेक."

"मग कशाला त्यांच्या मागे?"

"तू काय जिंकणाऱ्यांसाठी पत्रकं काढतेस?"

मी ताट तसंच ठेवून बाहेर पडले. उत्तर नव्हतं म्हणून नाही. उत्तर होतं. मला म्हणायचं होतं, माझ्या हरण्याच्या मागे उभी राहा ना मग, मीही पंधराव्याच नंबरावर आहे, मी तर तुझ्या घरात आहे. हे वाक्य मी तीन महिने बाळगलं. रोज तोझाई लाइनने निहोनबाशीपर्यंत तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी होते आणि सांगितलं नाही. आता सांगितलं.

संयुक्त पत्र कपाटातच राहिलं. माझ्या.

आता ऐक, काल कुबोसानने काय सांगितलं. एप्रिलमध्ये तू एजन्सीच्या ऑफिसात गेली होतीस. एकटी. शेवटच्या मॅचला जायचं म्हणून आठवड्यापुरता पासपोर्ट मागितलास. साहेब हसून म्हणाले, कंत्राट संपलं की घेऊन जा, तोपर्यंत काळजी करू नका. तू नमस्कार करून परत आलीस. कुबोसान म्हणाला, मी येतो बोलायला, तर तू त्याला थांबवलंस.

मला सांगितलं नाहीस. मी शेजारच्या गादीवर झोपत होते, ताई. मला का नाही सांगितलंस, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर एवढा संताप येतो. सांगितलं असतंस तर मी तुला पत्रकाच्या पहिल्या पानावर टाकलं असतं, फोटोसकट. तुला तुझी ग्रीसची फेरी माझ्या ठळक अक्षरांत नको होती. तुला ती फक्त हवी होती. आणि ते तू त्याला सांगू शकलीस, कारण तो काहीच करणार नव्हता. नुसतं ऐकणार होता.

आणि पुढचं ऐक. तुझं दहन केल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः बिल्डिंगमध्ये आले. काळा टाय. दोन्ही हातांनी तपकिरी पाकिटं वाटली. सगळ्यांचे पासपोर्ट. मेलेल्या बाईचा पासपोर्ट आपल्या कपाटात सापडला तर एम्बसी काय विचारील, या भीतीने त्यांची झोप उडाली असणार. तुझा माझ्या हातात देताना म्हणाले, "मॅडमचा पण आहे." तुझ्या फोटोत तू फार गंभीर दिसतेस.

दीड वर्षं मी पत्रकं काढतेय. थंडीत कसाई स्टेशनबाहेर उभी राहून वाटलीत, लोकांनी ती माझ्या देखत कचऱ्यात टाकलीत, तीही वर्गवारी करून, कागद कागदाच्या डब्यात. आणि तू, सही न केलेली, गेल्या शुक्रवारी सकाळी डोकं धरून खुर्चीत बसलीस, संध्याकाळपर्यंत संपलीस, आणि तीन दिवसांत अख्ख्या बिल्डिंगचे पासपोर्ट सुटले. देशपांडेवहिनी रडत म्हणाल्या, "वृंदाताईंनी जाता जाता सगळ्यांना मोकळं केलं." मी मान हलवली. हेही तूच जिंकलीस. मरण्याचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे मला या आठवड्यात कळलं आणि कुणाला सांगायची सोय नाही.

लोक वाट बघत होते की मी आता छापणार, "कंपनीने बळी घेतला." मी छापायला बसलेही होते. पण सोमवारी सकाळी कामाला निघताना तू जिन्यात शीळ घालायचीस. माझ्यासमोर फक्त तो जिना येत राहिला. सोमवारी शीळ घालत ऑफिसला जाणाऱ्या बाईला कामाने मारलं, असं कुठल्या तोंडाने छापू? मंगळवार ते शुक्रवारबद्दल छापता येईल. पुढे कधीतरी छापीनही. तुझं नाव घालणार नाही.

तर प्रश्न एवढाच उरला की तुझा वाटा करायचा की नाही. काल संध्याकाळी मी ठरवलं, की मला नकार द्यायला कारण हवं. मी काही तुझी कोण नाही, नात्याने. म्हणून काकूंना फोन लावला. मनात पक्कं होतं की काकू म्हणतील, भलतंच काय, अस्थींचे कुठे वाटे करतात का. म्हणजे मी कुबोसानला सांगायला मोकळी, घरच्यांची इच्छा नाही, माफ करा.

काकू म्हणाल्या, "बोल गं पोरी. जेवलीस का?"

मी सांगितलं, जेवले. मग सांगितलं, "काकू, ताई इथे एका फुटबॉलच्या टीमच्या मागे होती."

"कुठली? कोल्हापूरची?"

"कोल्हापूरची कुठून येणार इथे? ग्रीसची."

"मला आपलं वाटलं. तिच्या लहानपणी कोल्हापूरला होतो ना आम्ही, ह्यांची बदली होती. हे घेऊन जायचे तिला खांद्यावर बसवून. पेठांच्या टीमा खेळायच्या. एवढीशी होती, पण पंच चुकला की आधी ही ओरडायची. 'बाबा, तो पुढं होता, तो पुढं होता.' लोक वळून बघायचे."

मी फोन घट्ट धरला. ताई, तो पुढं होता. म्हणजे तुला ऑफसाइड येत होतं. बापाच्या खांद्यावरून शिकलेलं. आणि आराकावाच्या काठावर तू त्या माणसाला चार रविवार तेच शिकवू दिलंस, मान डोलावून, पोरीसारखे प्रश्न विचारून. काल तो किती अभिमानाने सांगत होता, "ऑफसाइड मी शिकवलं त्यांना."

मला आधी हसू आलं. मग इतका आनंद झाला की लाज वाटली. त्यालाही तुझं सगळं ठाऊक नाही. हे एक माझ्याकडे आहे. हे मी त्याला सांगणार नाही, आणि त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

काकूंनी विचारलं, "मग काय झालं त्या टीमचं?"

"एक मॅच उरलीय. जिंकले आणि दुसरे कुणी हरले, तर वाचतील. इथले तिच्या ऑफिसातले एक गृहस्थ जाणार आहेत बघायला. ते म्हणतायत की ताईच्या अस्थींतलं थोडं द्या, तिथल्या समुद्रात सोडतो. मी म्हटलं, काकूंना विचारल्याशिवाय नाही. तुमची इच्छा नसेल तर मी स्पष्ट सांगते त्यांना. तुम्ही अजिबात संकोच करू नका."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"ती गेली होती का तिथं कधी?"

"नाही. जायचं होतं. राहिलं."

"आणि तो माणूस कसा आहे?"

बघ, किती सोपं होतं. मी नुसतं "ठीक आहे" म्हटलं असतं तरी काकूंनी ओळखलं असतं. वहिनींचा लिफ्टमधला प्रश्न जरासा कानावर घातला असता तर विषयच संपला असता. मी तोंड उघडलं तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं की काय बाहेर येणार आहे. मला तो दहनगृहातला हात दिसत होता. माझ्याबरोबर थांबणारा.

"चांगले आहेत, काकू."

"मग दे की. बघू दे तिला."

एवढंच. नंतर त्यांनी मला शुक्रवारी विमानात काय खायला देतात ते विचारलं.

आज सकाळी कुबोसानला फोन करून सांगितलं, संध्याकाळी या. त्याने इतक्या वेळा आभार मानले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. माझं मन मोठं वगैरे झालेलं नाही, ताई, गैरसमज करून घेऊ नकोस. रविवारी तो तिथे तुझ्याशेजारी बसेल, गोल झाला तर उठून उभा राहील, आणि मी साताऱ्यात काकूंच्या सोप्यावर बसून घड्याळ बघत असेन. हे मला सहन होणार नाही हे मला आत्ताच कळतंय. तरी दिलं.

दुपारी दार लावून घेतलं, हात धुतले, पांढरं कापड सोडलं. त्याच्यासाठी एक लहान डबी आणली होती. मी अगदी शोधून शोधून सगळ्यात लहान तुकडा काढला, नखाएवढा. डबीत ठेवला, झाकण लावलं. मग थोडा वेळ तशीच बसले. वाटलं, एवढ्याशाला तिथून मॅच काय दिसणार.

झाकण काढून तो परत तुझ्यात ठेवला आणि जरा मोठा घेतला.